पाणी तापलं की पाण्यातली वनस्पती काय करते? जगदीशचंद्र बोस यांनी शंभर वर्षांपूर्वी शोधलेलं उत्तर

नंदुरबार जिल्ह्यातल्या अक्कलकुवा तालुक्यात खापर नावाचं गाव आहे. सातपुड्याच्या पायथ्याशी, गुजरातच्या सीमेजवळ. एप्रिल-मे महिन्यांत या पट्ट्यात पारा ४० अंशांच्या वर जातो. नाल्यांचं वाहणं थांबतं आणि डबक्यांत, बंधाऱ्यांमागे, शेततळ्यांत जे उथळ पाणी उरतं, ते दुपारपर्यंत चांगलं कोमट होतं.

माणसं आणि गुरं अशा वेळी सावली गाठतात. पण पाण्याखाली उगवलेली वनस्पती कुठे जाणार? तिला त्याच तापलेल्या पाण्यात राहून स्वतःचं अन्न तयार करायचं असतं. गंमत म्हणजे अशा पाण्यात काही वनस्पती मरगळत नाहीत, उलट जोमाने वाढतात. हायड्रिला ही त्यातली एक. दहावीच्या प्रयोगवहीत चंचुपात्र, उलटं नरसाळं आणि त्यावर परीक्षानळी अशी आकृती ज्यांनी काढली आहे, त्यांना हे नाव आठवत असेल. महाराष्ट्रातल्या तळ्यांत आणि कालव्यांत ती सर्रास आढळते. लोक तिला सरसकट शेवाळच म्हणतात, पण ती शेवाळ नाही. तिला मूळ, खोड, पान आणि फूल असं सगळं असतं.

ही वनस्पती कोमट पाण्यात नेमकं काय करते, याचा पहिला धागा हाती लागला तो कोलकात्यात, १९२० च्या दशकात. तो शोधणारा माणूस वनस्पतिशास्त्राचा प्राध्यापक नव्हता. तो होता भौतिकशास्त्राचा. सर जगदीशचंद्र बोस.

बिनतारी लहरींवर काम करणारे बोस आणि झाडांना संवेदना असतात असं सांगणारे बोस बऱ्याच जणांना माहीत आहेत. हायड्रिलाचे बुडबुडे मोजणारे बोस मात्र फारसे कुणाला माहीत नाहीत.

गावच्या शाळेतून केंब्रिजपर्यंत

बोस यांचा जन्म ३० नोव्हेंबर १८५८ रोजी तेव्हाच्या बंगाल प्रांतात, म्हणजे आजच्या बांगलादेशात झाला. वडील भगवानचंद्र बोस सरकारी अधिकारी होते आणि ब्राह्मो समाजाचे अनुयायी होते. त्या काळी अशा घरातली मुलं इंग्रजी शाळेत जात. भगवानचंद्रांनी मात्र मुलाला आधी बंगाली शाळेत घातलं. आपली भाषा आणि आपली माणसं आधी कळली पाहिजेत, अशी त्यांची धारणा होती.

त्या शाळेत छोट्या जगदीशच्या शेजारी कोळ्याचा मुलगा बसायचा, वडिलांच्या चपराशाचा मुलगा बसायचा. नदी, मासे, पाण्यातले प्राणी, झाडंझुडपं यांच्या गोष्टी त्याने या मित्रांकडून ऐकल्या. निसर्गाची ओढ आपल्याला तिथेच लागली, हे त्यांनी पुढे अनेकदा सांगितलं.

पुढचं शिक्षण कोलकात्याच्या सेंट झेवियर्समध्ये झालं. तिथे फादर लाफों भौतिकशास्त्र शिकवत. वर्गात प्रत्यक्ष प्रयोग करून दाखवण्यात त्यांचा हातखंडा होता. प्रयोगाचं वेड बोस यांना त्यांच्यामुळे लागलं.

१८८० मध्ये ते इंग्लंडला गेले, ते डॉक्टर होण्यासाठी. पण आधीपासून जडलेल्या तापाने त्यांना सतत आजारी पाडलं आणि वैद्यकीय शिक्षण सोडावं लागलं. मग ते केंब्रिजच्या ख्राइस्ट्स कॉलेजात दाखल झाले. तिथे भौतिकशास्त्राला लॉर्ड रॅले होते. वनस्पतिशास्त्राला सिडनी व्हाइन्स होते आणि चार्ल्स डार्विन यांचे चिरंजीव फ्रान्सिस डार्विनही होते. म्हणजे विजेचं शास्त्र आणि झाडांचं शास्त्र या दोन्हींची ओळख बोस यांना एकाच ठिकाणी झाली. पुढे हायड्रिलावर काम करताना हीच जोडी कामाला आली.

तीन वर्षं बिनपगारी

१८८५ मध्ये बोस कोलकात्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवू लागले. त्या काळी एकाच पदावरच्या इंग्रज आणि भारतीय प्राध्यापकांना सारखा पगार नव्हता. भारतीयांना कमी मिळे आणि नेमणूक हंगामी असेल तर त्याहूनही कमी.

बोस यांनी यावर भांडण केलं नाही, राजीनामाही दिला नाही. त्यांनी रोज शिकवलं आणि पगार घ्यायला नकार दिला. असं तीन वर्षं चाललं. घरावर कर्ज होतं, १८८७ मध्ये अबलादेवींशी लग्न झालेलं होतं, तरीही ते बधले नाहीत. अखेर सरकारने त्यांना पूर्ण वेतनावर कायम केलं आणि मागची सगळी थकबाकी एकरकमी दिली. त्या पैशांतून वडिलांच्या कर्जाचा मोठा भार उतरला.

कॉलेजात संशोधनासाठी धड प्रयोगशाळा नव्हती. जेमतेम २४ चौरस फुटांची जागा आणि स्थानिक कारागिराच्या मदतीने घडवलेली उपकरणं, एवढ्यावर त्यांनी १८९४ पासून विद्युतचुंबकीय लहरींवर काम सुरू केलं. अवघी ५ मिलिमीटर तरंगलांबी असलेल्या लहरी त्यांनी तयार केल्या. १८९५ मध्ये कोलकात्याच्या टाउन हॉलमध्ये त्यांनी या अदृश्य लहरी भिंतींपार पाठवून दूरची घंटा वाजवून दाखवली आणि दारूही उडवून दाखवली. १८९७ मध्ये लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये त्यांचं व्याख्यान झालं आणि युरोपात त्यांचं नाव झालं.

याच वाटेने ते पुढे गेले असते, तर त्यांची गोष्ट सरळ झाली असती. पण ते वळले.

भौतिकशास्त्रज्ञ झाडांकडे वळतो

लहरी पकडणारं त्यांचं उपकरण सतत वापरलं की थकल्यासारखं वागे आणि थोडी विश्रांती दिली की पुन्हा नीट चाले. धातू जर असा वागत असेल तर झाड कसं वागेल, असा प्रश्न त्यांना पडला. त्यांनी वनस्पतींना धक्के दिले, ऊब दिली, गारवा दिला आणि त्यांच्यात उमटणारे विद्युत संकेत मोजायला सुरुवात केली.

६ जून १९०१ रोजी त्यांनी लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे हे प्रयोग मांडले. तेव्हाचे मोठे शरीरक्रियाशास्त्रज्ञ बर्डन-सँडरसन यांनी जाहीर विरोध केला. भौतिकशास्त्राच्या माणसाने आपल्या शास्त्रापुरतं पाहावं, असा त्यांचा सूर होता. बोस यांचा निबंध सोसायटीने छापला नाही.

बोस मागे हटले नाहीत. १९०२, १९०६ आणि १९१३ मध्ये त्यांची मोठी पुस्तकं आली. झाडाची वाढ हजारो पटींनी मोठी करून दाखवणारं क्रेस्कोग्राफ हे उपकरण त्यांनी घडवलं. १९१५ मध्ये ते प्रेसिडेन्सीतून निवृत्त झाले आणि ३० नोव्हेंबर १९१७ रोजी, आपल्या ५९ व्या वाढदिवशी, त्यांनी कोलकात्यात बोस संस्था सुरू केली. १९२० मध्ये रॉयल सोसायटीनेच त्यांना आपलं सदस्यत्व दिलं.

तरीही वाद मिटला नव्हता. झाडांना प्राण्यांसारखे मज्जातंतू असतात, झाडात रस वर चढतो तो पेशींच्या स्पंदनाने, असे त्यांचे काही निष्कर्ष बऱ्याच वनस्पतिशास्त्रज्ञांना पटत नव्हते. रस वर चढण्याबद्दलचं त्यांचं म्हणणं पुढेही टिकलं नाही. हायड्रिलाच्या शोधाचं जे झालं, त्यामागे हा वादही एक कारण आहे.

बुडबुडा मोजणारं यंत्र

आपल्या संस्थेत बोस यांनी प्रकाशसंश्लेषणाकडे मोर्चा वळवला. सूर्यप्रकाश, पाणी आणि कार्बन डायऑक्साइड वापरून वनस्पती साखर बनवते आणि ऑक्सिजन सोडते. जमिनीवरच्या झाडातून निघणारा ऑक्सिजन हवेत मिसळून जातो. पाण्यातल्या वनस्पतीतून निघणारा मात्र बुडबुड्यांच्या रूपाने दिसतो. म्हणून या अभ्यासासाठी जलवनस्पती फार सोयीची.

बुडबुडे डोळ्यांनी मोजायची पद्धत आधीपासून होती. पण तिच्यात दोन खोट होत्या. सगळे बुडबुडे सारख्या आकाराचे नसतात. आणि माणूस तासन्तास नजर लावून बसला तरी कधी ना कधी चुकतोच.

बोस यांनी यावर स्वतःच नोंद करणारं उपकरण बनवलं. हायड्रिलाची फांदी पाण्याने भरलेल्या बंद भांड्यात ठेवायची. निघणारा वायू एका बारीक वाटेने पाऱ्याच्या थेंबाला ढकलून बाहेर पडेल अशी रचना करायची. ठरावीक वायू जमला की बुडबुडा सुटतो, पारा हलतो, विजेचं मंडल क्षणभर पूर्ण होतं, घंटी वाजते किंवा फिरत्या ढोलावर खूण उमटते. खुणा दाट पडल्या की प्रकाशसंश्लेषण जोरात, विरळ पडल्या की मंद. वनस्पतीचं काम मिनिटामिनिटाला कागदावर उतरू लागलं.

आता प्रकाश कमी-जास्त करायचा, पाण्यातला कार्बन डायऑक्साइड बदलायचा, पाण्याचं तापमान बदलायचं आणि खुणा पाहायच्या.

पाणी तापतं तेव्हा काय होतं?

बोस यांना काय दिसलं ते समजायला आधी तापमानाचं साधं गणित पाहू.

प्रकाशसंश्लेषणाचा एक भाग प्रकाश पकडण्याचा, तर दुसरा पकडलेल्या ऊर्जेवर साखर बनवण्याचा. हा दुसरा भाग विकरं, म्हणजेच एन्झाइम पार पाडतात. विकरांना ऊब लागते. थंड पाण्यात ती सुस्त असतात. पाणी तापत गेलं की त्यांचा वेग वाढतो, साधारणपणे दर १० अंशांना जवळपास दुप्पट. बऱ्याच जलवनस्पतींचं काम २८ ते ३२ अंशांच्या आसपास सर्वांत जोरात चालतं. त्यापुढे वेग घसरू लागतो आणि फारच तापलं तर विकरांची घडण बिघडून काम ठप्प होतं.

पण ऊब वाढली म्हणजे प्रत्येक वेळी काम वाढेलच असं नाही. केंब्रिजचे फ्रेडरिक ब्लॅकमन यांनी १९०५ मध्ये हे नेमकं मांडलं. अनेक गोष्टी लागणाऱ्या कामाचा वेग सर्वांत तुटपुंज्या गोष्टीवर ठरतो. भाकरीसाठी पीठ मूठभरच असेल तर चुलीचा जाळ वाढवून भाकऱ्या जास्त होत नाहीत. तसंच, पाण्यात कार्बन डायऑक्साइड कमी असेल तर ऊब वाढवून फार काही हाती लागत नाही.

आणि कोमट पाण्यात नेमकी हीच अडचण येते. पाणी जितकं तापेल तितके वायू त्यात कमी विरघळतात. २० अंशांच्या गोड्या पाण्यात लिटरला साधारण ९ मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, तर ३० अंशांना साडेसात. कार्बन डायऑक्साइडचंही तसंच. शिवाय पाण्यात वायू पसरतो तो हवेपेक्षा सुमारे १० हजार पट हळू. त्यामुळे पानालगतचा साठा संपला की नवा लवकर पोहोचत नाही.

हायड्रिला दाट वाढलेल्या तळ्यात उन्हाळ्याच्या दुपारी काय होतं पाहा. सकाळपासून वनस्पतीने कार्बन डायऑक्साइड ओढून घेतलेला असतो. त्यामुळे पाण्याचा सामू ९ च्या वर जातो आणि मोकळा कार्बन डायऑक्साइड जवळजवळ संपतो. उरतात ते बायकार्बोनेट. दुसरीकडे तिनेच सोडलेला ऑक्सिजन पाण्यात ठासून भरलेला असतो.

कार्बन डायऑक्साइड पकडणारं मुख्य विकर म्हणजे रुबिस्को. त्याची एक खोड आहे. कधी कधी ते कार्बन डायऑक्साइडऐवजी ऑक्सिजन पकडतं आणि आधी कमावलेला कार्बन त्यात वाया जातो. याला प्रकाशश्वसन म्हणतात. ऊब वाढली आणि भोवती ऑक्सिजन जास्त असला की ही चूक वाढते. वनस्पतीचं नेहमीचं श्वसनही उष्णतेने वाढतं. म्हणजे कमाई घटते आणि खर्च वाढतो.

हिशेबाने पाहिलं तर मे महिन्याच्या दुपारी हायड्रिलाची उपासमार व्हायला हवी. तशी ती होत नाही.

उन्हाळ्यातलं कोडं

बोस यांनी एक गोष्ट अशी केली की जी त्या काळी युरोपच्या प्रयोगशाळांत सहज सुचण्यासारखी नव्हती. त्यांनी एकाच वनस्पतीला वेगवेगळ्या ऋतूंत तपासलं. बंगालचा हिवाळा सौम्य आणि उन्हाळा कडक. कोलकात्याच्या आसपासच्या तळ्यांत हायड्रिला वर्षभर मिळते. पाणी गार असतानाची आणि पाणी तापलेलं असतानाची, अशी दोन्ही त्यांना हाताशी होती.

हिवाळ्यातली हायड्रिला अपेक्षेप्रमाणे वागली. पाण्यात कार्बन डायऑक्साइड असला की बुडबुडे येत, नसला की थांबत.

उन्हाळ्यातली मात्र निराळी निघाली. कार्बन डायऑक्साइड नसलेल्या पाण्यात ठेवूनही, प्रकाश पडताच ती ऑक्सिजन सोडत राहिली. कच्चा माल दिलेला नाही आणि कारखाना चालू आहे, असा हा प्रकार होता.

मग माल येत होता कुठून? बोस यांनी वनस्पतीचा रस तपासला. उन्हाळ्यातल्या हायड्रिलाचा रस आम्लधर्मी होता आणि त्यात मॅलिक आम्ल होतं. सफरचंदाला आंबटपणा देणारं आम्ल ते हेच. बोस यांचा निष्कर्ष असा की, उन्हाळ्यात ही वनस्पती कार्बनसाठी थेट पाण्यातल्या वायूवर अवलंबून राहत नाही. तिच्या अंगात साठलेलं हे सेंद्रिय आम्ल ती कार्बनचा स्रोत म्हणून वापरते.

आम्ल साठवणाऱ्या वनस्पती त्याआधी अगदीच अपरिचित नव्हत्या. ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत भारतात असलेले बेंजामिन हेन यांनी शंभरेक वर्षांपूर्वीच पानफुटीची पानं चाखून पाहिली होती. सकाळी ती आंबट लागत आणि दुपारपर्यंत आंबटपणा जाई. पण पानफुटी ही कोरड्या जागी वाढणारी, जाड पानांची वनस्पती. ती पाणी वाचवण्यासाठी असं करते. बारा महिने पाण्यात बुडालेली, जेमतेम दोन पेशींच्या जाडीची पानं असलेली हायड्रिला असं काही करेल, ही कल्पनाच नवी होती. त्यातही ती हे फक्त उन्हाळ्यात करते, हे तर त्याहून नवं.

हे सगळं बोस यांनी १९२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रकाशसंश्लेषणावरच्या पुस्तकात मांडलं. तेव्हा त्यांचं वय ६५ च्या घरात होतं.

आणि मग सामसूम

पुस्तक वाचलं गेलं, यंत्राचं कौतुक झालं. उन्हाळ्यातल्या हायड्रिलाचा निष्कर्ष मात्र जवळपास पन्नास वर्षं तसाच पडून राहिला.

याला एकच कारण नव्हतं. पहिलं कारण साधनांचं. बोस ऑक्सिजन मोजत होते. कार्बन वनस्पतीच्या आत कोणत्या वाटेने जातो हे पाहायला किरणोत्सारी कार्बन लागतो. त्यासाठी उपयोगी पडलेला कार्बन-१४ सापडला १९४० मध्ये. त्यामुळे मॅलिक आम्ल आहे एवढं बोस सांगू शकत होते. ते कसं बनतं आणि कुठे मोडतं, हे दाखवणं त्यांना शक्यच नव्हतं.

दुसरं कारण त्यांच्याभोवतीच्या वादाचं. झाडांच्या मज्जातंतूंबद्दलचे त्यांचे दावे ज्यांना पटत नव्हते, त्यांनी त्यांच्या इतर कामाकडेही संशयाने पाहिलं. वादग्रस्त दाव्यांच्या गर्दीत एक खरं निरीक्षण झाकलं गेलं. भोवती तापलेल्या पाण्यातल्या वनस्पतींचा अभ्यास करणारे लोकही तेव्हा फारच थोडे होते.

२३ नोव्हेंबर १९३७ रोजी गिरिडीह इथे, म्हणजे आजच्या झारखंडमध्ये, बोस यांचं निधन झालं. ७९ वा वाढदिवस एका आठवड्यावर आला होता. हायड्रिलाच्या बाबतीत आपण बरोबर होतो, हे कळायला ते नव्हते.

ऊस, ज्वारी आणि हायड्रिला

गोष्ट पुढे सरकली ती उसामुळे. १९६६ मध्ये ऑस्ट्रेलियात हॅच आणि स्लॅक या दोन शास्त्रज्ञांनी उसाच्या पानात कार्बन कोणत्या वाटेने जातो हे दाखवलं. बहुतेक झाडांत पकडलेल्या कार्बनचा पहिला पदार्थ तीन कार्बनचा असतो, म्हणून त्या वाटेला सी-थ्री म्हणतात. उसात पहिला पदार्थ चार कार्बनचा निघाला. मॅलिक आम्ल हे त्याच घराण्यातलं. या वाटेला सी-फोर हे नाव पडलं.

या वाटेत पहिली पकड रुबिस्को करतच नाही, दुसरंच एक विकर करतं. ते ऑक्सिजनला फसत नाही आणि बायकार्बोनेटमधूनही कार्बन घेऊ शकतं. चार कार्बनचं आम्ल बनवायचं, ते आत न्यायचं, तिथे मोडून कार्बन डायऑक्साइड मोकळा करायचा आणि तो रुबिस्कोला भरपूर पुरवायचा, अशी ही युक्ती. यात ऊर्जा जास्त जाते, पण उष्णतेत हा सौदा परवडतो.

नंदुरबारच्या शेतात ही दोन्ही घराणी शेजारी-शेजारी दिसतात. ज्वारी, मका, बाजरी आणि ऊस सी-फोर. कापूस, मिरची, गहू, तूर, हरभरा सी-थ्री.

पण ज्वारी जन्मभर सी-फोर आणि मिरची जन्मभर सी-थ्रीच राहते. हायड्रिला ऋतूप्रमाणे वाट बदलते.

हे पक्कं कळलं अमेरिकेतल्या फ्लोरिडात. मत्स्यालयांच्या व्यापारातून हायड्रिला १९५० च्या दशकात तिथे पोहोचली आणि तिने तळी, कालवे भरून टाकले. ती एवढी का माजते हे शोधताना फ्लोरिडा विद्यापीठातल्या जॉर्ज बोव्स यांच्या गटाने तिच्या प्रकाशसंश्लेषणाचा अभ्यास केला. १९८० मध्ये होलाडे आणि बोव्स यांनी प्रसिद्ध केलेले निष्कर्ष स्पष्ट होते. ११ अंश तापमान आणि ९ तासांचा दिवस अशा स्थितीत ठेवलेली हायड्रिला सी-थ्री वनस्पतीसारखी वागते. २७ अंश आणि १४ तासांच्या दिवसात ठेवली की तिच्यातलं प्रकाशश्वसन घटतं, मॅलिक आम्लाची उलाढाल वाढते आणि अगदी थोड्या कार्बन डायऑक्साइडवरही ती भागवते. तळ्यातून हिवाळ्यात आणि उन्हाळ्यात काढलेल्या हायड्रिलातही हाच फरक दिसला.

पुढे आणखी एक गोष्ट लक्षात आली. उसात किंवा ज्वारीत हे काम दोन प्रकारच्या पेशी वाटून घेतात. हायड्रिला ते एकाच पेशीत उरकते. आम्ल बनतं हरितलवकाबाहेर आणि मोडतं हरितलवकात.

बोस यांचं स्पष्टीकरण पूर्ण होतं असं म्हणता येणार नाही. विकरं, पेशीतल्या जागा, कार्बनची नेमकी वाट यांतलं काहीच त्यांच्या हाती नव्हतं. पण उन्हाळ्यातली हायड्रिला वेगळी असते, तिच्यात मॅलिक आम्ल असतं आणि ते प्रकाशसंश्लेषणाच्या कामी येतं, या तिन्ही गोष्टी त्यांनी बरोबर पकडल्या होत्या. एकविसाव्या शतकात हैदराबाद विद्यापीठाचे ए. एस. राघवेंद्र आणि इलिनॉय विद्यापीठाचे गोविंदजी या प्रकाशसंश्लेषणाच्या अभ्यासकांनी हे जुनं काम पुन्हा उजेडात आणलं आणि त्याचं श्रेय बोस यांच्या नावावर नोंदवलं.

शेततळ्यात आणि शाळेत याचा उपयोग

शेततळ्यात मासे पाळणाऱ्यांसाठी ही माहिती कामाची आहे. उन्हाळ्यात हायड्रिला दाट झाली की दिवसा पाण्यात ऑक्सिजन भरपूर असतो. रात्री मात्र तीच वनस्पती श्वसनासाठी ऑक्सिजन ओढते आणि कोमट पाण्यात मुळातच तो कमी मावतो. म्हणून पहाटे मासे पृष्ठभागावर तोंड काढताना दिसतात. तळ्यातली दाटी वेळेत कमी करणं हा त्यावरचा साधा उपाय. सगळी हायड्रिला काढून टाकायची मात्र गरज नाही, कारण दिवसाचा ऑक्सिजन तीच देते आणि छोट्या माशांना आसराही तिचाच असतो.

शाळेत हा प्रयोग करायचा असेल तर तीन गोष्टी पाळाव्यात. वेगवेगळ्या तापमानांची तुलना करताना दिव्याचं अंतर आणि पाण्यातला खाण्याचा सोडा सारखाच ठेवावा. पाण्याचं तापमान बदलल्यावर पाच-दहा मिनिटं थांबूनच मोजणी करावी. आणि पाणी तापवलं की त्यात विरघळलेली हवाही बुडबुड्यांच्या रूपाने निघते, म्हणून तसंच एक भांडं वनस्पतीशिवाय शेजारी ठेवावं. नाहीतर हवेचे बुडबुडे प्रकाशसंश्लेषणाच्या खात्यात जमा होतात.

चौथी गोष्ट बोस यांच्या कामातून शिकण्यासारखी आहे. हाच प्रयोग एकदा डिसेंबरात करावा आणि एकदा एप्रिलमध्ये, त्याच तळ्यातली हायड्रिला आणून. दोन्ही वेळच्या नोंदी एकाच वहीत शेजारी-शेजारी लिहाव्यात. वनस्पती तीच असली तरी आकडे तेच येतील असं गृहीत धरू नये.